बाईंच्या मापाची फ्रेम

बाई पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवतात. वय ४१, उंची १५३ सेंटिमीटर. लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ. २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड, वेळेत पूर्ण झाल्या, ४०० वर गाडी अडली. सुपर रँडोनर व्हायचं तर एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही करायच्या असतात, अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांत. त्यापुढे त्यांच्या डोक्यात २०२७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे, म्हणजे १२०० किलोमीटर आणि ९० तास.

तीन तक्रारी घेऊन त्या आमच्या सायकलच्या वर्कशॉपला आल्या. दीडशे किलोमीटरनंतर दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. मान इतकी आखडायची की रात्री मागचं वाहन बघायला आख्खं धड वळवावं लागे. आणि शिरवळच्या पुलाखाली यू टर्न घेताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागून त्या पडल्या होत्या. सॅडलवर मांड्यांच्या आत सोलवटतं, ही चौथी तक्रार त्यांनी बऱ्याच वेळाने आणि अगदी सहज बोलल्यासारखी सांगितली. बायका ती नेहमी शेवटीच सांगतात, म्हणून आता मी ती आधीच विचारतो.

त्या आल्या तेव्हा मापांचा तक्ता सोबतच होता. परदेशी फ्रेम बिल्डर असे तक्ते भरून मागतात: उंची, इनसीम (जांघेपासून तळव्यापर्यंत पायाची लांबी), धड, हात, खांदे, पाऊल. बाईंनी तो नेटकेपणाने भरला होता, प्रत्येक माप तीनदा घेऊन सरासरी काढली होती. "एवढ्यावर फ्रेम होईल ना?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे कामाची वाटणी अशी आहे की माप मी घेतो, आरेखन आणि वेल्डिंग काका करतात. काकांनी आयुष्यभर फॅब्रिकेशन केलं, आता फक्त सायकलच्या फ्रेम करतात. काकांच्या फ्रेमचे पैसे माझ्याकडे येत नाहीत आणि हे बरं आहे. नवी फ्रेम हवी म्हणून येणाऱ्या बहुतेकांना खरं तर आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा दांडा), अरुंद हँडल किंवा वेगळी सॅडल हवी असते. ते सांगायला माझी जीभ अडखळत नाही.

बाईंचा तक्ता मी बाजूला ठेवला आणि सगळं पुन्हा मोजलं. इनसीम मोजताना अनवाणी, पाठ भिंतीला, पायांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये सॅडलचा दाब येईल इतकं घट्ट वर ओढायचं. पुस्तकावर पाणसळ ठेवायची, कारण पुस्तक जरा तिरकं झालं की सेंटिमीटर इकडचा तिकडे होतो. आलं ७०.५. बाईंच्या तक्त्यातही ७०.५ च होतं. इनसीमच्या वरच्या टोकापासून गळ्याच्या खळगीपर्यंत धड ५४, खांद्याच्या हाडापासून मुठीत धरलेल्या पेन्सिलीपर्यंत हात ५६, खांद्यांची रुंदी ३५. बसायच्या हाडांमधलं अंतर खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्यावर बसवून, पडलेल्या खळग्यांवरून १२.५. डाव्या-उजव्या पायात तीनेक मिलिमीटरचा फरक. तो मी लिहून ठेवला आणि सोडून दिला. एवढा फरक बहुतेकांत असतो आणि शरीराने तो केव्हाच पचवलेला असतो.

म्हणजे बाईंची मापं बरोबर होती. चूक त्या मापांतून निघालेल्या उत्तरात होती, पण ती दिसायला त्यांना सायकलवर बसवावं लागलं.

फिटिंगला आलेला माणूस दहा मिनिटं फार छान बसतो. पाठ सरळ, कोपर सैल, सगळं चित्रातल्यासारखं. तक्रार मात्र आठव्या तासाची असते. म्हणून बाईंना सांगितलं होतं, सकाळी बोपदेव घाट करा, सासवडला जाऊन परत या आणि घामेघूम तशाच वर्कशॉपला या. आल्या त्या त्यांच्याच सायकलवर. सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवली, कमरेच्या दोन्ही हाडांवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि मागे-बाजूला मोबाईल लावून त्यांना अर्धा तास पेडल मारू दिलं. मागून घेतलेल्या चित्रणात दोन्ही खुणा आळीपाळीने वरखाली होत होत्या. पाय खाली पोचवायला कंबर दर फेरीला डुलत होती. पेडल तळाला असताना गुडघ्याचा वाक कोनमापकावर १८ अंश भरला. तो साधारण २५ ते ३५ च्या दरम्यान असावा, असा प्रघात आहे. दहाव्या मिनिटानंतर बाई सॅडलच्या टोकावर सरकल्या आणि तिथेच राहिल्या. टोकावर बसलं की कंबरेचा आधार सुटतो आणि धडाचं ओझं तळहातांवर येतं. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने अल्नर नर्व्ह जाते, ती हूडवर (ब्रेकच्या लिव्हरवरची, हात ठेवायची रबरी मूठ) तासन् तास दाबली गेली की नेमकी हीच दोन बोटं झोपतात. सोलवटण्याचं कारणही तेच, डुलणारी कंबर.

सॅडल उंच होती, हे उघड होतं. मी विचारलं, ही उंची ठरवली कशी? बाई म्हणाल्या, "०.८८३."

हा गुणक ग्रेग लेमाँड आणि त्यांचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या नावाने ओळखला जातो. इनसीमला ०.८८३ ने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडल ज्या आसाभोवती फिरतात त्या जागेच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची. ७०.५ ला गुणलं की ६२.३. बाईंची सॅडल बरोब्बर ६२.३ वर होती. गणिताच्या बाईच त्या.

दुसरा नियम त्याहून जुना आहे, १९६७ साली हॅम्ली आणि टॉमस यांनी मांडलेला. तो बॉटम ब्रॅकेटपासून मोजत नाही, तर तळाला असलेल्या पेडलपासून सॅडलपर्यंत मोजतो आणि हे अंतर इनसीमच्या १०९ टक्के ठेवायला सांगतो. ८३ सेंटिमीटर इनसीमच्या माणसाला दोन्ही नियम लावून पाहा. पहिल्याने ७३.३ येतात, त्यात १७ सेंटिमीटरचा क्रँक (पेडलचा दांडा) मिळवला की ९०.३, म्हणजे इनसीमच्या १०९ टक्केच. दोन्ही नियमांचं मस्त जुळतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

मी फळ्यावर हे ८३ चं उदाहरण लिहिलं आणि खडू बाईंच्या हातात दिला. त्यांनी ७०.५ घातले. ६२.३ अधिक १७, बरोबर ७९.३. भागिले ७०.५. आलं १.१२५. म्हणजे ११२.५ टक्के. त्या थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच उलटं गणित मांडलं: दोन्ही नियम जुळायला क्रँक किती हवा? १.०९ वजा ०.८८३, म्हणजे ०.२०७. गुणिले ७०.५. साडेचौदा सेंटिमीटरच्या आसपास. "म्हणजे ह्या सूत्रात क्रँक लपलेला आहे," बाई म्हणाल्या, "आणि तो पायाच्या प्रमाणात धरलाय."

अगदी तसंच. ०.८८३ चा हिशेब तुमचा क्रँक इनसीमच्या वीस-एकवीस टक्के आहे, असं न सांगता धरून चालतो. उंच युरोपीय शर्यतपटूंच्या बाबतीत १७० ते १७५ मिलिमीटरच्या क्रँकने ते गृहीतक आपोआप खरं ठरतं. दुकानातल्या लहानात लहान साइझच्या सायकलीलाही बहुधा १७० किंवा फार तर १६५ चा क्रँक येतो, आणि मग सूत्र खोटं पडतं. पाय जितका आखूड, तितकं जास्त खोटं. मला यातली खटकणारी गोष्ट ही की भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे १५३ च्या बाई आपल्याकडे बुटक्या नव्हेत, अगदी मधल्या आहेत. कॅटलॉगमध्ये मात्र त्या सगळ्यात खालच्या रकान्याच्याही काठावर.

मग सॅडल नुसती खाली घेऊन भागलं असतं का? करून पाहिलं. ६० वर आणली. कंबर शांत झाली, पण पेडल माथ्यावर आलं की मांडी पोटाला टेकू लागली आणि गुडघा बाहेर फेकला जाऊ लागला. तळाचं अंतर बरोबर केलं की माथ्याचं बिघडतं, कारण मधे ३४ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ बसलेलं आहे. वर्तुळच लहान करायला हवं होतं.

त्यासाठी काकांचा जुगाड कामी आला. जुन्या व्यायामाच्या सायकलचा सांगाडा, त्यावर सॅडल आणि हँडल चारी दिशांना सरकतील असे खांब, आणि वेगवेगळ्या भोकांचे क्रँक. १५५ लावले, सॅडल ६१ वर. तळाशी पेडल-सॅडल अंतर ७६.५, म्हणजे १०९ टक्क्यांच्या जवळच. माथ्यावर मात्र आधीच्या ६०-१७० च्या जोडीपेक्षा अडीच सेंटिमीटर मोकळीक. गुडघ्याचा वाक ३० अंश, कंबर स्थिर. बाईंनी तासाहून जास्त वेळ पेडल मारलं आणि टोकावर सरकल्या नाहीत.

आखूड क्रँकने ताकद जाते अशी भीती प्रत्येकाला वाटते, त्यांनाही वाटली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० ते २२० मिलिमीटरच्या क्रँकवर सायकलपटूंची कमाल ताकद मोजली होती. एवढ्या अफाट पल्ल्यातही सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत फरक चार टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि १४५ व १७० यांत सांगण्याजोगा फरक नव्हता. तरफ लहान झाल्याने गिअर जड लागतो, एवढंच.

आता हँडल. मी हात आणि धडाच्या मापांवरून इथे काही ठरवत नाही. ती मापं सुरुवात कुठून करायची ते सांगतात. हँडल सरकवत, दर वेळी वीस मिनिटं चालवून, बाईंना न विचारता खांद्यांकडे बघत राहिलो. खांदे कानांकडे चढले की लांब आहे. विचारलं की माणूस "बरं वाटतंय" म्हणतो, खांदे असं खोटं बोलत नाहीत. हँडलची रुंदी ४० ऐवजी ३६ केली. गुडघ्याच्या वाटीपासून ओळंबा सोडून तो पेडलच्या आसावर येतो का, हेही पाहिलं. आला नाही, दीड सेंटिमीटर पुढे राहिला. तसाच राहू दिला. ह्या ओळंब्याला फार मान दिला जातो, पण पाठीवर रेलून चालवायच्या सायकलींवर तो पार भलतीकडे लोंबतो आणि तरी त्या सायकली चालतात.

शेवटी हाती तीन बिंदू आले: पाय, बैठक आणि हात यांचे, बॉटम ब्रॅकेटपासून मोजलेले. फ्रेम बिल्डरला खरी गरज ह्यांचीच असते.

मग प्रश्न: हे तीन बिंदू बाईंच्या जुन्या फ्रेमवर, १५५ चे क्रँक आणि आखूड स्टेम लावून, साधता आले असते का? तसं झालं असतं तर प्रकरण इथेच संपलं असतं आणि बाईंचे बरेच पैसे वाचले असते. जुन्या फ्रेमचा भूमितीचा तक्ता काढला. टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) ५०९ मिलिमीटर, सीट ट्यूबचा (सॅडलखालच्या नळीचा) कोन ७५ अंश, स्टॅक (बॉटम ब्रॅकेटपासून फ्रेमच्या पुढच्या टोकाची उंची) ५१०, रीच (तिथपर्यंतचं आडवं अंतर) ३७२. तिची एक साइझ मोठी बहीण: टॉप ट्यूब ५२५, कोन ७४, स्टॅक ५२५, रीच ३७५. कागदावर टॉप ट्यूब १६ मिलिमीटरने आखूड झालेली दिसते, पण हात जिथे पोचायचे ते अंतर, म्हणजे रीच, फक्त तीनने कमी झालं आहे. बाकीचे तेरा सीट ट्यूब उभी करून आणि फ्रेम थोडी बुटकी करून दाखवलेले आहेत. लहान साइझमध्ये हे सर्रास होतं आणि ग्राहक टॉप ट्यूब बघून सायकल घेतो. उभ्या सीट ट्यूबमुळे बैठक पुढे जाते, वजन हातांवर येतं, म्हणून बाईंनी सॅडल रुळांवर शेवटपर्यंत मागे ओढली होती, आणि वाचल्यासारखी वाटणारी लांबी तिथे परत आली होती.

कंपन्या हे का करतात, त्याचं उत्तर पुढच्या चाकात आहे. सगळ्या साइझना ७०० सीचंच, म्हणजे रोड सायकलचं नेहमीचं मोठं, चाक बसवायचं ठरलं की फ्रेम एका मर्यादेपलीकडे आखूड करता येत नाही, पायच चाकाला लागतो. बाईंच्या सायकलवर बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या आसापर्यंत ५७५ मिलिमीटर. त्यातून २८ च्या टायरसकट चाकाची त्रिज्या ३३९ वजा केली की उरले २३६. क्रँक १७० आणि पेडलच्या आसापुढे बुटाचं टोक ८० मिळून २५०. चौदा मिलिमीटर चाकाच्या आत. शिरवळला त्या का पडल्या ते ह्या चार आकड्यांत होतं. १५५ च्या क्रँकने हे जेमतेम सुटतं, पण मडगार्ड लावला की पुन्हा अडकतं, आणि जूनमध्ये बिनमडगार्डची ब्रेव्हे म्हणजे शिक्षा. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ पासून स्त्रियांसाठी सायकली विकायला सुरुवात केली तेव्हा पुढे २४ इंची आणि मागे ७०० सीचं चाक दिलं होतं. दिसायला विचित्र, पण दुखणं अचूक ओळखलेलं.

इथे मी काकांना सांगितलं, ह्यांना फ्रेम लागेल.

चाकावरून मात्र काका आणि बाईंचं वाजलं: ६५० बी, म्हणजे ७०० सीपेक्षा थोडं लहान, की त्याहून लहान २६ इंची. काका म्हणाले, "बाई, ६५० बी घ्या. पुढे टायर तेच मिळणार." बाईंचं म्हणणं, "काका, रात्री दोन वाजता टायर फाटला तर तालुक्याच्या गावात २६ इंची तरी मिळेल." दोघांचंही खरं होतं. निकाल बुटाच्या टोकाने लावला. नव्या आरेखनात पुढचं अंतर ५८० ठेवता येत होतं. ६५० बीवर ३८ चा टायर, त्रिज्या ३३०; मडगार्डचे १२ आणि पायाचे २३५ काढले की उरतात तीन. २६ इंचीवर तोच टायर, त्रिज्या ३१७.५, उरतात पंधराच्या वर. २६ इंची ठरलं. त्यातून एक अनपेक्षित फायदा निघाला. क्रँक १७० चा १५५ केल्याने गिअर जेवढा जड लागणार होता, तेवढाच जवळजवळ चाक लहान झाल्याने हलका झाला. हिशेब मांडला तर जेमतेम पावणेतीन टक्के जडपणा उरला, तो मागच्या कॅसेटमध्ये एक जास्त दात्यांचा गिअर घेऊन मिटवला.

काकांनी काढलेलं अंतिम आरेखन: रीच ३५६, स्टॅक ५२०, सीट ट्यूब ७३.५ अंश, हेड ट्यूब (हँडल फिरतं ती पुढची नळी) ७०.५, फोर्कचा रेक (पुढे काढलेला वाक) ५५, त्यातून ट्रेल (हेड ट्यूबची रेषा जमिनीला टेकते त्याच्या मागे टायर किती टेकतो ते अंतर) ५४. जुनीचा ट्रेल ६९ होता, तिला चढावर हळू चालवताना सतत सरळ करत राहावं लागे. आणि टॉप ट्यूब? ५१०. जुन्या फ्रेमपेक्षा एक मिलिमीटर जास्त. बाईंनी आरेखनावर त्या आकड्यापाशी बोट ठेवून मोठ्याने हसून घेतलं. बॉटम ब्रॅकेटपासून हातापर्यंत १६ मिलिमीटर कमी, वर स्टेम ८० ऐवजी ७०, आणि तरीही टॉप ट्यूबचा आकडा बघून दुकानदार म्हणाला असता, बाई, ही तुम्हाला लांब होईल.

आरेखनावर सही झाल्यावरच काका नळ्या कापतात. क्रोमोली स्टील, टिग वेल्डिंग, फोर्कही स्टीलचाच. त्या भागात सांगण्यासारखं फार नाही. काका जिगवर फ्रेम बांधतात, टाके मारतात, थंड होऊ देतात, पुन्हा मापतात. स्टीलच का, असं बाईंच्या नवऱ्याने विचारलं होतं. दर फ्रेमचा कोन आणि लांबी वेगळी असेल तर नळी कापून जोडणं परवडतं, कार्बनचा साचा परवडत नाही, एवढंच त्याचं उत्तर.

नव्या सायकलवर बाईंनी २०० आणि ३०० केल्या. सॅडलची तक्रार गेली, मान रात्रभर वळते. खंबाटकी चढताना हँडल आता भटकत नाही. डावा हात पूर्ण बरा आहे. उजवी करंगळी बारा-तेरा तासांनंतर अजून मुंग्या देते. चित्रण पाहिलं तर गिअर बदलायला त्या उजवं मनगट बाहेर मोडतात असं दिसलं, म्हणून उजवा हूड थोडा आत वळवला आणि ब्रेकचा लिव्हर त्यांच्या आखूड बोटांना पोचेल इतका जवळ घेतला. कमी ट्रेलचा एक तोटाही कळला. पुढच्या बॅगेत सामान असलं तर सायकल शांत असते, पण बॅग रिकामी असताना हायवेवर शेजारून ट्रक गेला की पुढचं चाक दचकतं. हे त्यांना आवडलेलं नाही. काका म्हणाले, बॅग रिकामी ठेवू नका. बाईंनी ते उत्तर मान्य केलेलं नाही.

फोर्कची वरची स्टीअरर नळी, जिच्यावर स्टेम बसतो, अजून कापलेली नाही. स्टेमच्या वर दोन सेंटिमीटर स्पेसर (कड्या) तसेच उभे आहेत, दिसायला बरे दिसत नाहीत. ४०० होईपर्यंत ते तसेच राहतील.